आमोस मास्तर दारू पीत नव्हते

मी, आमोस रामजी दुशिंग, वय वर्षे एक्कावन्न, धर्माने ख्रिस्ती, पेशाने शिक्षक (असे मी म्हणतो, पंचमंडळी म्हणत नाही), राहणार राहाता, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाने किंवा भरीस घातल्याने नव्हे, तर स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या रागाने हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करण्याइतके दिवस मिळतील असे वाटत नाही.

कलम १. माझी जीभ जड झाली आहे, डोके जड झालेले नाही. हे सर्वांत आधी लिहावे लागते, कारण या गावात माझ्याविषयी दोन मते आहेत. एक, मास्तर पितो. दोन, पिऊन पिऊन मास्तराचे डोके गेले. दोन्ही मतांच्या लोकांनी पुढील मजकूर नीट ऐकावा.

माझ्या बोटांत टाक धरवत नाही, म्हणून निवृत्त तलाठी श्री. सूर्यभान गाडेकर हे लिहीत आहेत. मी एक वाक्य बोलतो, ते लिहितात, मोठ्याने वाचून दाखवतात, बरोबर असल्यास मी मान हलवतो. मान अजून माझे ऐकते. रोज सकाळी तासभर असे काम चालते, नंतर घशात थुंकी साचते आणि थांबावे लागते. माझी पत्नी दया हिने माझ्या तोंडात शब्द घातले असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून तेवढा वेळ तिला शेजारी भीमाबाईंच्या घरी पाठवतो. तिला हे पसंत नाही. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून सूर्यभानरावांना म्हणाली, "तुमी लिवा काय लिवायचं ते. पर ठसका लागला की मला हाक मारा. तिथं तुमचा कायदा न्हाई चालायचा." हे तिचे शब्द माझ्या सांगण्यावरून येथे घातले आहेत.

कलम २. माझ्या मिळकतीत सर्वांत जुनी वस्तू म्हणजे माझा रोग. तो मला आईकडून आला. त्याची व्यवस्था लावल्याशिवाय बाकीची व्यवस्था लावणे मला खोटे वाटते.

मी पंधरा वर्षांचा असताना आईचे भाऊ सहादेवमामा आमच्याकडे राहायला आले. मोट हाकणारा धिप्पाड माणूस, पण त्यांच्या हातातून तांब्या पडायचा. चालताना पाय लटपटायचे. बोलणे ओले, एकात एक मिसळलेले. मी एकदा त्यांची जीभ पाहिली होती. तोंड उघडे ठेवून ते स्वस्थ बसले होते आणि जिभेचे मांस आपोआप थरथरत होते, जणू कातडीखाली किडे फिरत आहेत. गावाने त्यांना दारुडा ठरवले. दुधात कुस्करलेली भाकरी घशात अडकून ते आमच्या ओसरीवर गेले, तेव्हा मीच त्यांची पाठ चोळत होतो.

माती देऊन आल्यावर आई साळूबाई हिने मला आणि माझा धाकटा भाऊ योहान याला समोर बसवले. ती म्हणाली, "मामा दारूनं गेला, आसंच सांगायचं. माझा मामाबी आसाच गेल्ता. दारू सुटती, ही पीडा सुटत न्हाई. लोकास्नी कळलं तर आपल्या घरात पोरी कोन दील, आन आपल्या पोरी कोन करील?" आणि तिने आमच्याकडून शपथ घेतली. मेलेल्या भावाची अब्रू विकून तिने जिवंत मुलांची अब्रू विकत घेतली. तिला मी बोल लावतो. ती आज असती तर तोंडावर लावला असता.

सन १९३६ च्या थंडीत फळ्यावर लिहिताना माझ्या हातून खडू पडू लागला. मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, हनुवटी आपोआप उडू लागली, दोन पायऱ्या चढताना खांबाचा आधार लागू लागला. मी त्याला थंडी म्हटले, मग वय म्हटले, मग काहीच म्हटले नाही. ज्या दिवशी "क्षेत्रफळ" हा शब्द वर्गात मला उच्चारता आला नाही, त्या दिवशी मला ओसरीवरचे मामा आठवले.

कलम ३. सन १९४१ च्या मार्च महिन्यातील प्रकार मी येथे नोंदवीत आहे, कारण पंचमंडळीच्या वहीत तो खोटा नोंदवलेला आहे.

मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत बावीस वर्षे शिकवले. त्या महिन्यात मंडळीचे अध्यक्ष थॉमस आढाव यांनी मला देवळात बोलावले. समोर पाच पंच, त्यांत माझा भाऊ योहान. मागे लोक, त्यांत माझे जुने विद्यार्थी. आरोप असा, की शिक्षक मद्यपान करून शाळेत येतो, झोकांड्या खातो, त्याची जीभ लडबडते. थॉमसरावांनी माझ्या शाळेतला खडू मागवून फरशीवर एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "मास्तर, या रेघेवरून चालून दाखवा."

मी चाललो. चौथ्या पावलाला पडलो. मागे कोणीतरी हसले. मग त्यांनी मला स्तोत्र म्हणायला लावले. ते लहानपणापासून पाठ होते, पण जीभ शब्दांना धरीना. त्या सबंध सभेत एकाही माणसाने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. एवढे एकच काम होते, आणि तेवढेच कोणी केले नाही.

मग योहानला विचारले गेले. तो उभा राहिला आणि म्हणाला, "दादा झोकांड्या खातो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे." हे खरे होते. तेवढेच बोलून तो बसला. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो सहादेवमामांचे नाव काढील अशी मी वाट पाहत होतो. मी स्वतः ते काढले नाही. आईची शपथ होती, आणि मला वाटले, लहान भाऊ आहे, मोठ्या भावाला असा फरशीवर पडलेला ठेवणार नाही. माझी चूक एवढीच, की मी वाट पाहिली. तिच्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेले नाही.

बाहेर आल्यावर चिंचेखाली मी त्याला गाठले. "मामाचं का नाही सांगितलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "कृपाचं ठरलंय, दादा. केडगावची माणसं आहेत. दारूवाला चुलता चालतो त्यांना. रोग चालत नाही."

मे महिन्यात त्याच्या मुलीचे, कृपाचे, लग्न झाले. मला बोलावणे नव्हते. पंचांच्या ठरावाने माझी नोकरी गेली, देवळात प्रभुभोजन घेण्याचा हक्क गेला, आणि दया विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या.

कलम ४. सन १९४३ मध्ये माझी मुलगी एलिझाबेथ मला हट्टाने नगरला दवाखान्यात घेऊन गेली. तेथील डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, हातांवरचे मांस दाबून पाहिले, आणि विचारले, "घरात आणखी कोणाला?" मी नाही म्हणालो. इतक्या वर्षांची सवय. एलिझाबेथ म्हणाली, "बाबा, पाटी देऊ का?"

पाटी घेऊन तिला मी बाहेर बसायला पाठवले आणि पाटीवर घराणे मांडले. आईचे मामा, आईचे भाऊ, मी. रोगी सगळे पुरुष. बाई एकही नाही. मामांचे दोन मुलगे आजही धडधाकट, औत हाकतात. बाईंनी पाटी बराच वेळ पाहिली. त्या म्हणाल्या, की पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम पोचवणारे तंतू वाळत जातात, त्यामुळे मांस झडते. बुद्धीला धक्का लागत नाही. खात्रीने सांगता येत नाही, पण या पाटीवरून असे दिसते, की हा रोग बायका वाहतात आणि पुरुष भोगतात. रोगी बापाच्या मुलाला तो येत नसावा, मुलगी मात्र तो पुढे नेते. मी औषध विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी दिलेला दाखला घेऊन मी थॉमसरावांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा कागद त्रेचाळीस सालचा. ठराव एक्केचाळीस सालचा. तेव्हा पीत नव्हता कशावरून?" दाखला या मृत्युपत्रास जोडला आहे. थॉमस आढाव यांस माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. दाखल्याची एक नक्कल मात्र द्यावी, आणि ती देताना चार माणसे हजर असावीत.

कलम ५. राहाता येथील माझे दोन खणांचे घर, पुढील अंगण, परसातील लिंबाचे झाड व रांजण यांसह मी पत्नी दया हिला संपूर्ण मालकीहक्काने देतो. तिने ते राखावे, विकावे, भाड्याने द्यावे, कोणी विचारू नये. या घराच्या भिंती तिच्या पाटल्यांवर उभ्या राहिल्या आहेत. गेली चार वर्षे ती मला उठवते, बसवते, भरवते. माझे बोलणे इतरांना समजत नाही तेव्हा ती ते समजावून सांगते, आणि मी रागाने काही वाईट बोललो असलो तर ते गाळून सांगते. हे शेवटचे मला पसंत नाही. म्हणूनच ती भीमाबाईंच्या घरी असताना मी हे लिहवीत आहे.

कलम ६. माझी पुस्तके, घड्याळ, आणि पाटीवरून कागदावर उतरवलेले घराणे मुलगी एलिझाबेथ हिला द्यावे. ती नगरला परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्याबाबत माझ्या हातून एक चूक झाली, तीही येथे लिहितो. सन १९४४ मध्ये संगमनेरहून तिला स्थळ आले. आईसारखे लपवायचे नाही असा माझा पण होता. पाहुणे बसताच मी मुलाच्या बापाला सगळे सांगितले. ते चहा न पिता उठले. मला वाटत होते, मी मोठे सत्य बोललो. एलिझाबेथ स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तो रोग माझ्यातून पुढे जातो हे मला आज दाराआडून कळलं. पाहुण्यांच्या आधी मला सांगायचं होतं. अंग माझं आहे."

लग्न करावे की नाही, मूल होऊ द्यावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. तिच्या आईने, मंडळीने किंवा माझ्या आठवणीने त्यात पडू नये.

कलम ७. शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मी स्वतः चितळी स्टेशनावरून मिळवून डोक्यावर वाहून आणला होता. नोकरी गेली त्या दिवशी तो मी काढून घरी आणला. मंडळीने तो परत मागण्यासाठी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांना उत्तर असे, की तो तुकडा खालच्या आळीतल्या मराठी शाळेला द्यावा. तेथे आजवर थाळी वाजवतात.

कलम ८. माझी चाकांची खुर्ची शेजारी मच्छिंद्र सुतार यांनी जुन्या बैलगाडीच्या साटीच्या फळ्यांतून बनवली. ती दयाकडे राहील. ज्याला चालवत नाही अशा माणसाने मागितल्यास तिने ती द्यावी. मात्र आमच्या घराण्यातील कोणास ती लागली, तर त्याने निरोप न पाठवता दिवसाउजेडी, भर रस्त्याने, स्वतः मागायला यावे. खुर्चीबद्दल मी मच्छिंद्र यांच्या नावे माझी एक शेळी लिहिणार होतो. ते म्हणाले, "मला काय बी ठिवू नका, मास्तर. मला शेळी दिली तर साक्षीदार म्हनून सही कोन करील?" सूर्यभानरावांनी सांगितले, की हे बरोबर आहे, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून शेळी दयाला.

कलम ९. भाऊ योहान रामजी दुशिंग, साखर कारखान्यात कारकून, यांस काही नाही.

याचे कारण लिहितो. गेल्या नाताळानंतर, सहा वर्षांत पहिल्यांदा, तो माझ्या घरी आला. दयाने चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांनी उचलला. मी त्याच्या हाताकडे पाहिले. अंगठा आणि बोट यांच्यामधले मांस खचले होते.

"केव्हापासून?" मी विचारले.

"काय केव्हापासून?"

"योहान, मी शिक्षक आहे. हात मला दिसतो."

तो रडू लागला. दिवाळीच्या आधीपासून, म्हणाला. कारखान्यात आकडे काढताना टाक निसटतो. साहेबाने दोनदा विचारले, प्यायला आहेस काय. मग म्हणाला, "दादा, मरताना काही बोलून जाऊ नकोस. कृपाला तीन वर्षांचा मुलगा आहे. सासरी कळलं तर तिला पोरासकट परत पाठवतील."

मला जेवढे ओरडता आले तेवढे मी ओरडलो. त्यातले अर्धे त्याला कळले नसेल. दया दारात उभी होती, तिला मी म्हणालो, एकही शब्द न गाळता सांग. तिने सांगितले, "ते म्हनत्यात, तू मला दारुडा केलास तो तुजी पोरगी वाचवायला. आन तिला वाचवलीस कशापासून? तिच्याच अंगात काय हाय ते तिला ठाऊक न्हाई. उद्या नातवाच्या हातून तांब्या पडंल, तवा त्यालाबी दारुडा म्हननार हायेस का?" मग दया स्वतःचे एक वाक्य बोलली. "भावजी, सा वर्सं मी हिरीवर एकटीच पानी भरते." तो चहा तसाच ठेवून गेला.

त्याच आठवड्यात मी हे मृत्युपत्र लिहवण्यास सुरुवात केली. आधी माझा बेत असा होता, की माझ्या दफनाआधी हे देवळात सर्वांसमोर वाचावे आणि सगळे बाहेर यावे. तसे सूर्यभानरावांना सांगूनही टाकले होते. पण एलिझाबेथचे दाराआडचे शब्द मनातून जात नव्हते. कृपाला हे माझ्या मढ्याशेजारी चार लोकांत कळले असते, तर मी दुसऱ्यांदा तेच केले असते. म्हणून मी योहानला चिठ्ठी पाठवली. केडगावला जा, कृपाला तू स्वतः सांग, आणि परत येऊन ती काय म्हणाली ते मला सांग. पंधरा दिवसांची मुदत. मुदत संपली तर एलिझाबेथ जाईल.

तो तेराव्या दिवशी आला, भर दुपारी. त्या दिवशी आमचे लिहिण्याचे काम लांबले होते. उंबऱ्यातच बसला. मी सूर्यभानरावांना सांगितले, लिहीत राहा.

त्याने सांगितले ते असे. कृपाने सगळे ऐकून घेतले. आजाराबद्दल तिने काही विचारले नाही. तिने विचारले, "म्हणजे आमोसकाका दारू पीत नव्हते? मग मी सहा वर्षं त्यांच्या घरी का गेले नाही?" मग तिने नवऱ्याला योहानसमोरच सांगितले. नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन तो योहानपाशी आला आणि म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाई अजून नगरला असतात का?" सासू अजून बोलत नाही.

हे ऐकून माझा राग कमी झाला काय, असे सूर्यभानरावांनी मला विचारले. नाही. सहा वर्षे दोन दिवसांत फिटत नाहीत. योहानने केले ते त्याने केव्हाच करायला हवे होते. आता केले म्हणून त्याला शाबासकी मिळणार नाही, आणि कलम ९ चे पहिले वाक्य आहे तसेच राहील.

कलम १०. पंचमंडळीने सन १९४१ चा ठराव वहीत खोडून, खाली खरे कारण लिहून, पाचही पंचांच्या सह्या घ्याव्यात. तसे झाले तरच मला मंडळीच्या दफनभूमीत ठेवावे. न झाल्यास माझ्या परसात लिंबाखाली पुरावे. मच्छिंद्र आणि शेजारी खड्डा काढतील, प्रार्थना दया करील. तिची प्रार्थना लहान असते, हे चांगले आहे. माझ्यावर कोणीही भाषण करू नये. करायचेच झाल्यास पाढे म्हणावेत.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूर्यभान गाडेकर व एलिझाबेथ यांनी मिळून करावी.

कलम १२. साक्षीदार दोन लागतात. एक मच्छिंद्र. दुसऱ्यासाठी सूर्यभानरावांनी गावातली तीन नावे सुचवली. मी योहानकडे बोट केले, म्हणजे करण्याचा प्रयत्न केला. सूर्यभानराव म्हणाले, "मास्तर, सख्खा भाऊ आहे. चालेल का?" मी त्यांनाच उलट विचारले, की कायदा काय सांगतो. ज्याला मिळकतीतून काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हावे. योहानला मी काहीही दिलेले नाही, तेव्हा त्याच्याइतका पात्र साक्षीदार या गावात दुसरा नाही.

सूर्यभानरावांनी पहिल्या ओळीपासून सगळे त्याला वाचून दाखवले. तो मध्ये उठला नाही. मग म्हणाला, "सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या तर चालतील का?" मी मान हलवली.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी ऐकले, समजलो, आणि ते माझेच आहे म्हणून खाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष डाव्या हाताचा अंगठा उठवला. अंगठा दाबण्यासाठी मनगट मच्छिंद्र यांनी धरले. जोर माझा आहे.

राहाता, तारीख १६ फेब्रुवारी १९४७, रविवार, दुपारी.

(निशाणी, डाव्या हाताचा अंगठा) आमोस रामजी दुशिंग

लिहिणार: सूर्यभान गाडेकर, निवृत्त तलाठी

साक्षीदार पहिला: मच्छिंद्र सुतार. मास्तरनी माझ्यासमोर अंगठा केला. त्यांच्या घराला माझ्या घराची भिंत लागून हाय. दारूचा वास मला कदी आला न्हाई.

साक्षीदार दुसरा: मी, योहान रामजी दुशिंग, स्वतःच्या हाताने लिहितो, की वरील सर्व मजकूर मी बसून ऐकला आणि माझ्या भावाने माझ्यासमोर अंगठा केला. माझा भाऊ दारू पीत नव्हता. हे मला सन १९४१ सालीही माहीत होते. त्याला आहे तोच आजार मला आहे. टाक दोनदा निसटल्यामुळे येथे शाई सांडली आहे, ती खाडाखोड समजू नये.

(सही) योहान रामजी दुशिंग